बबनमामांची मूठ

मामा,

परवा इंद्रायणीच्या घाटावर तुमचा दहावा झाला. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माणसं म्हणाली, बबनचं काही मागं राहिलं नव्हतं, सुखानं गेला. मी पायरीवर बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, त्यांचं नसेल राहिलं, माझं राहिलंय की. त्यासाठी कुठला कावळा येणार? आज ऑपरेशनची लिस्ट संपल्यावर चेंजिंग रूममध्ये बसून हे लिहितेय. माझं अक्षर बघून तुम्ही म्हणायचात, "म्याडम, ह्ये फकस्त मेडिकलवाल्यालाच वाचता येतंय." तसं तर तसं. वाचा नाहीतर नका वाचू, मला लिहायचंय.

नव्या नर्सना तुमचं काम समजावून सांगताना माझी पंचाईत व्हायची. मोकाशी सर मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून खरवडून काढतात, मी भूलतज्ज्ञ म्हणून कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करते आणि बबनमामा पाय धरतात. पाय धरतात म्हणजे काय, असं विचारून त्या हसायच्या. मग मी सांगायचे. गाठ मूत्राशयाच्या बाजूच्या भिंतीवर असली की त्या भिंतीच्या अगदी पाठीमागून एक नस मांडीकडे जाते. कमरेत भूल दिली तरी ही नस पुढे जागीच असते. सरांनी आत करंट लावला की तिला झटका बसतो आणि पेशंटचा पाय एकदम आत ओढला जातो. पेशंटला काही कळत नाही, पण त्याचा पाय लाथ मारतो. सरांच्या हातात तापलेल्या तारेचं कडं असतं आणि समोरची भिंत असते ओल्या रुमालाएवढी पातळ. मग हसणं थांबायचं.

तो पाय तुम्ही धरायचात. नुसता दाबून नाही. मांडीच्या आतल्या बाजूला तळवा ठेवून, डोळे मिटून उभे राहायचात. काहीतरी पुटपुटताय असं पहिल्या दिवशी मला वाटलं होतं. मोठा झटका यायच्या आधी मांडीत बारीक थरथर येते, ती तुमच्या तळव्याला कळायची. "सर, दमा." एवढंच म्हणायचात. आणि मोकाशी सर, जे डीनचंही ऐकत नाहीत, ते करंटच्या पेडलवरून पाय उचलायचे.

तुम्ही अटेंडंट, आणि मोशीत तुमच्या घरापुढे उभी असलेली पांढरी गाडी सरांच्या गाडीच्या दीडपट. वावरं गेली, पोरं धंद्याला लागली, तरी तुम्ही जुन्या मोटारसायकलवरून साडेसातला संत तुकाराम नगरला हॉस्पिटलात हजर. मी एकदा विचारलं, मामा, तुम्हाला नोकरीची काय गरज? "घरी बसून काय करू? पोरं मला सोफ्यावर बसवत्यात आन् टीव्ही लावून देत्यात. हितं सर म्हनत्यात, बबन हाय का? मंग सुरू करू." तेव्हा मला ते उत्तर गमतीचं वाटलं होतं.

मग मी आले आणि तुमच्या हातातला पाय काढून घ्यायला निघाले. बाळंतपणाच्या विभागातून मी सोनोग्राफीचं मशीन महिनाभरासाठी मागून आणलं. जांघेत प्रोब ठेवायचा, पडद्यावर स्नायूंचे थर बघायचे, नस दिसली की शेजारी सुई नेऊन औषध सोडायचं. नस झोपली की झटका नाही. यालाच ब्लॉक म्हणतात. मोकाशी सर म्हणाले, "दहा मिनिटं थांबायचं? दहा मिनिटांत माझी अर्धी गाठ बाहेर येते. महिनाभर बघतो, पटलं नाही तर मशीन जिथलं तिथं." मी त्यांच्याशी भांडले. तुमच्याशी त्याहून जास्त भांडले, कारण तुमचा मुद्दा जास्त चांगला होता.

"नस झोपवली तर पाय मला बोलनार कसा म्याडम? आत्ता त्यो सांगतोय तरी."

"बोलायची गरजच राहणार नाही, मामा."

"आन् अर्धीच झोपली तर?"

त्यावर मी हसले होते. नांदेडची पोरगी, नवीन फेलोशिप करून आलेली, डोक्यात वारं भरलेलं. दर केसला तुम्ही पाय धरायचातच, ब्लॉक दिलेला असला तरी. मला त्याचा राग यायचा. मी घातलेल्या कुलपाला कुणीतरी वरून दोरी बांधावी तसं वाटायचं. महिना संपत आला आणि मी पैज लावली. उद्याची केस तुम्ही हात न लावता होईल, नाही झाली तर आठवडाभर चहा माझ्याकडून. तुम्ही मान हलवलीत, हो की नाही ते कळलं नाही.

उद्याची केस म्हणजे उत्तमराव. मूळचे परभणीकडचे, चाकणला प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस. उजव्या भिंतीवर गाठ. मी आधी कमरेत भूल दिली, मग ब्लॉक द्यायला बसले. ती नस मांडीत शिरताना दोन फांद्यांत फुटते, एक वरच्या थरात, एक खालच्या. वरच्या थरात औषध गेलं, छान पसरलं. खालचा थर नीट दिसेना, उत्तमरावांची मांडी जाड होती. मागून सरांचा आवाज आला, "मॅडम, सिनेमा संपला का?" मी आणखी अर्धा मिनिट प्रोब फिरवला. मग सुई काढली आणि म्हणाले, झालं.

झालं नव्हतं. मला माहीत होतं. हे वाक्य मी दोन वर्षांत कुठेच लिहिलं नाही, ते आज तुमच्यासाठी लिहिते.

सर पेशंटच्या पायांमध्ये स्टुलावर बसले, नजर पडद्यावर. दिवे मंद केले. सिस्टर पाण्याच्या बाटल्या आणायला बाहेर गेली. तुम्ही सवयीनं पुढे झालात आणि तळवा ठेवलात. मी डोक्याच्या बाजूने आले, तुमच्या कोपराला हात लावला आणि हळूच म्हणाले, "कुणी धरायला नको मामा, गरज नाही." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मास्कच्या वर नुसते डोळे. तुम्ही विचारत होतात, नक्की का? मी मान डोलावली. तुम्ही हात काढलात आणि एक पाऊल मागे सरकलात. सरांना यातलं काही ऐकू गेलं नाही.

पहिल्या काही कापांना पाय शांत होता. मी तुमच्याकडे बघून भुवई उडवली, बघा, म्हणून. मशीनचा तो एकसुरी आवाज चालू होता. सर गाठीच्या मुळाशी पोचले, पेडल दाबला आणि पाय आत आला. संपूर्ण टेबल हललं. सर "ओ" एवढंच म्हणाले. पडद्यावर लाल झालं, मग लाल बाजूला सरलं आणि तिथे, जिथे भिंत असायला हवी होती तिथे, पिवळी चरबी दिसली. मला आजही डोळे मिटले की तो पिवळा रंग दिसतो.

"बबन! पाय कुठं धरला होतास तू?"

मी तोंड उघडलं होतं, मामा. शपथेवर सांगते, उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात.

"हात निसटला सर. चुकी झाली."

पुढचे दोन तास धावपळीत गेले. पूर्ण भूल, पोट उघडलं, भिंत शिवली. उत्तमराव वाचले, नंतर बरेही झाले, पण त्या संध्याकाळी कुणालाच ते माहीत नव्हतं. सरांनी त्यांच्या बायकोला बाहेर बोलावून सांगितलं की पाय हलला आणि इजा झाली. तुम्ही स्ट्रेचर आणायला म्हणून त्याच वेळी कॉरिडॉरमध्ये आलात. कुणीतरी तुमच्याकडे बोट दाखवलं असेल. त्या माउलीनं तुम्हाला अडवलं.

"तुमाला पाय धरायसाठीच ठिवलंय नव्हं? मग धरला कामून न्हाई? माज्या मानसाचं पोट फाडलं की ओ तुमी!"

तुम्ही हात जोडून उभे. साठीला टेकलेला माणूस, गावात ज्याला लोक रामराम घालतात, तो भिंतीला पाठ लावून मान खाली घालून उभा. मी दहा पावलांवर होते. हातात उत्तमरावांचा केसपेपर होता आणि त्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं, ब्लॉक दिला. मी ते परत परत वाचत राहिले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं होतं आणि अवलक्षण तुमच्या कपाळी आलं होतं.

रात्रपाळीवाले यायच्या आत मी तुम्हाला पँट्रीत गाठलं. आभार मानायला नव्हे, भांडायला. कुणी सांगितलं होतं तुम्हाला मधे पडायला? मी आत्ताच्या आत्ता सरांना सांगते. तुम्ही चहा गाळत होतात. गाळणं बाजूला ठेवलंत.

"सांगा की. आन् मंग उद्या ते मशिन जाईल."

"जाऊ दे."

"का जाऊ दे? मी तीस वर्सं पाय धरलाय म्याडम. माझ्या हातातनं पन निसटलाय. एकदा न्हाई, सरांच्या आधीच्या सरांच्या टायमाला तीनदा. मला कळतं तवर उशीर झाल्याला असतो. ह्ये तुमचं औषध बरोबर जागी गेलं तर पाय हलत न्हाई, मी हात ठिवून बघितलंय. सगळा महिनाभर मी काय नुस्ता धरून हुतो व्हय? मी बघत हुतो."

तुम्ही गाळणं परत उचललंत आणि कपात चहा ओतलात.

"माझ्या हातनं चुकलं म्हनलं तर सर आठ दिस वरडतील. तुमच्या हातनं चुकलं म्हनलं तर पुन्यांदा कुनाला ही सुई देऊ देनार न्हाईत. मंग म्होरच्या उत्तमरावाचं काय? मी रिटायर झालो का सांगा. तवर गप ऱ्हावा. आन् दोन्ही थरात सोडत जावा, घाई करायची न्हाई."

म्हणजे आठवडाभर तुम्हाला चहा पाजायचा होता मी, आणि पहिला कप तुम्ही माझ्या हातात दिलात.

या गोष्टीचा राग मला दोन वर्षं होता. खोटं बोलू कशाला, आजही आहे. तुमचा मोठेपणा मला अंगावर घ्यावा लागला, न विचारता. सर अधूनमधून म्हणायचे, "बबन, आज हात घट्ट ना?" आणि तुम्ही हसायचात. प्रत्येक वेळी मी मॉनिटरकडे वळायचे. तुम्हाला वाटलं असेल की गप्प राहणं ही सोपी गोष्ट आहे. तुमच्यासाठी असेल. आणि खरं सांगू का, मला सोपीही पडली होती, त्याचाच जास्त त्रास होता. मूग गिळले की बरं असतं, लिस्ट वेळेवर सुरू होते.

पण त्या दिवसानंतर आपण काम बदललं. ब्लॉक आधी आणि कमरेतली भूल नंतर. कारण कमरेत भूल दिली की पेशंटला पाय हलवताच येत नाही, मग नस झोपली की नाही ते तपासणार कसं? हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण घाईत मी उलटं करत होते. आता ब्लॉक झाला की तुम्ही पेशंटचे गुडघे उभे करायचात, मधे तुमची मूठ ठेवायचात आणि म्हणायचात, दाबा. प्रत्येकाला वेगळं सांगायचात. भोसरीच्या फिटरला, "नट आवळता तसं." सांगवीच्या निवृत्त मास्तरांना, "पोरगं पळून चाललंय, धरा." हिंजवडीहून लॅपटॉपसकट आलेल्या त्या पोराला, "भावा, मीटिंग हाय असं समज आन् लाव जोर." तो हसला होता, छातीत धडधडत असताना. मग तुम्ही डोळे मिटायचात.

"डावा जिता हाय. उजवा जरा जरा." म्हणजे थांबायचं. सर घड्याळाकडे बघायचे, पण तुमच्यापुढे बोलायचे नाहीत. पाच मिनिटांनी पुन्हा मूठ. "उजवा गेला म्याडम. करा सुरू."

त्या शब्दांशिवाय मी एकही केस पुढे जाऊ दिली नाही. माझा पडद्यावरच्या चित्रावर विश्वास होता, तुमच्या मुठीवर जास्त होता. हे तुम्हाला सांगायला हवं होतं. तुमचं काम काढून घेतलं असं मला वाटत होतं आणि तुम्ही ते कधीच दुसरीकडे नेऊन ठेवलं होतं.

चार महिने राहिले होते तुमच्या रिटायरमेंटला. मी कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. सरांना काय सांगायचं ते आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. आणि तुम्ही सकाळी अंघोळ करून, डबा मोटारसायकलला अडकवून, अंगणातच बसलात ते उठलाच नाहीत. तुम्ही रिटायरच झाला नाहीत, मामा. मग मी सांगायचं कधी?

घाटावर प्रवचन झालं. मग तुमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे श्रद्धांजलीची भाषणं. माजी सरपंच बोलले, पतसंस्थेचे कुणी बोलले, त्यांना तुमच्यापेक्षा तुमच्या पोरांचं जास्त माहीत होतं. मग माइक मोकाशी सरांच्या हातात आला. पांढऱ्या शर्टात ते कधी नव्हे ते म्हातारे दिसत होते. चांगलं बोलले. मनापासून बोलले. आणि शेवटी म्हणाले, "माझ्याबरोबरच्या एवढ्या वर्षांत बबनचा हात एकदाच निसटला. फक्त एकदाच. आणि त्यानं ती चूक त्याच क्षणी कबूल केली. असा माणूस आता मिळणार नाही."

माणसांनी माना डोलावल्या. तिसऱ्या पायरीवर उत्तमराव बसले होते, चाकणहून बायकोला घेऊन आलेले. तिनं तोंडाला पदर लावला. तुमच्या घरच्या, मामी, समोर बसल्या होत्या, हात मांडीवर, अगदी सरळ. आणि मला दिसलं की हे आता कायमचं झालं. उद्यापासून तुमच्या नावाबरोबर हे वाक्य चालत राहणार. नातवंडं सांगतील, आजोबांचा हात एकदाच निसटला होता.

निवेदकानं विचारलं, आणखी कुणी? मी उठले. माइक कुणी हातात दिला आठवत नाही. भाषण वगैरे मला येत नाही. मी म्हणाले, "सर आत्ता बोलले त्यात एक चूक आहे. मामांचा हात निसटला नव्हता. त्यांनी पाय धरला होता, मी सोडायला लावला. मी औषध अर्धंच दिलं होतं आणि पूर्ण दिलं म्हणून सांगितलं. चूक माझी होती. त्यांनी ती स्वतःच्या अंगावर घेतली आणि मी घेऊ दिली." मी माइक परत दिला.

सर माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी चपला घातल्या आणि ते गाडीकडे गेले. उत्तमरावांसमोर मी हात जोडले. ते म्हणाले, "मॅडम, दर तपासणीला त्यांनी मला गेटापर्यंत सोडलं. मी एकदा बी नीट बोललो नाही." त्यांची बायको माझ्याशी काही बोलली नाही, तिचा तो हक्कच आहे. ती मामींजवळ जाऊन बसली.

"मी लई वंगाळ बोलले ओ त्यांना. समद्यांसमोर."

मामी गोंधळून तिच्याकडे बघत राहिल्या. "कवा? मला तर ह्यांनी कायच सांगितलं न्हाई."

मामा, तुम्ही घरीसुद्धा सांगितलं नव्हतंत. मला वाटत होतं, निदान मामींना तरी खरं माहीत असेल, निदान एका माणसाच्या नजरेत तरी तुम्ही स्वच्छ असाल. तिथे मी रडले. सगळ्यांसमोर, नाक वाहेपर्यंत.

आज सकाळी उजव्या भिंतीचीच केस होती. तुमच्यानंतरची पहिली. मी सातलाच आले. सर मशीन परत पाठवतील, मला पाठवतील, काहीही होईल असं धरून चालले होते. पेशंट तळवड्याचा, टेम्पो चालवणारा. मी वरचा थर भरला, खालचा शोधला, नाही दिसला, प्रोब तिरका केला, पुन्हा शोधला. मागे दार वाजलं. सर आत आले होते. माझा हात थांबला.

"दोन्ही थर?" त्यांनी विचारलं.

"खालचा अजून नाही, सर."

त्यांनी कोपऱ्यातलं तुमचं स्टीलचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. घड्याळाकडे पाठ करून. परवाबद्दल एक शब्द नाही. बोलतील, मला माहीत आहे, आणि ऐकून घ्यायला लागेल. खालचा थर सापडला. औषध गेलं. मग मी पेशंटचे गुडघे उभे केले आणि मधे माझी मूठ ठेवली. तुमच्या मुठीच्या निम्मी आहे ती.

"किती जोर लावू मॅडम?"

काय सांगावं ते पटकन सुचेना. म्हणाले, "टेम्पो बंद पडलाय आणि चढावर ढकलायचाय, तेवढा." त्यानं दाबलं. मी डोळे मिटले. डावा घट्ट. उजवा जरा जरा. मी म्हणाले, सर, पाच मिनिटं. ते बसून राहिले. पुन्हा मूठ ठेवली. या वेळी उजवीकडून काहीच आलं नाही. मी उगाच आणखी एकदा दाबायला लावलं.

मग कमरेतली भूल झाली, दिवे मंद झाले, सर पडद्याकडे तोंड करून बसले. गाठीच्या मुळाशी आले. पेडलवर पाय ठेवला आणि नजर न हलवता, जुन्या सवयीनं विचारलं, "पाय धरलाय का?"

तुमच्या जागेवर कुणीच नव्हतं.

"कुणी धरायला नको सर," मी म्हणाले. "गरज नाही."

तेच शब्द होते, मामा. तोंडातून निघाल्यावर मला कळलं. सर क्षणभर थांबले आणि त्यांनी पेडल दाबला. आवाज सुरू झाला. मी मांडीकडे बघत होते, पडद्याकडे नाही.

पाय हलला नाही.